होस्टेलच्या पोरीला टीबी निघाला, तर घरी पाठवायचं का?

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. तुम्ही नागपुरात मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर. सेकंड इयरच्या एका मुलीला फुफ्फुसाचा टीबी निघाला, मुलगी गडचिरोलीकडची, रूममध्ये अजून दोघी. त्यातल्या एकीच्या आईनं फोन करून "तिला आजच्या आज काढा, नाहीतर मी माझ्या पोरीला घेऊन जाते" असं सुनावलं. मॅनेजमेंट म्हणते सहा महिने घरी पाठवा, पूर्ण बरं झाल्याचं सर्टिफिकेट आणलं की परत घेऊ. आणि ॲडमिशनच्या मेडिकलमध्ये अजून एका मुलीची हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आली, तिला वेगळी रूम, वेगळं ताट द्यायचं का, हा दुसरा प्रश्न. शेवटी तुम्ही विचारलं की असे लांबणारे संसर्गाचे आजार कॉलेजनं सांभाळायची काही रीत आहे का.

रीत आहे, फक्त ती कोणी कॉलेजात शिकवत नाही. मी छातीचा डॉक्टर, बावीस वर्षं झाली, ओपीडी धंतोलीत, आणि दोन-तीन कॉलेजांच्या होस्टेलला व्हिजिटिंग म्हणून जातो. त्यामुळे जे सांगतो ते पुस्तकातलं कमी अन् होस्टेलच्या व्हरांड्यातलं जास्त आहे.

सरळ उत्तर आधी. सहा महिन्यांसाठी घरी पाठवू नका. औषध सुरू झाल्यापासून पहिले साधारण दोन आठवडे तिला वेगळी हवेशीर खोली द्या किंवा तेवढ्यापुरतं घरी जाऊ द्या, मग डॉक्टरनं "आता संसर्ग पसरवत नाही, वर्गात बसू शकते" असं लिहून दिलं की ती त्याच वर्गात, त्याच मेसमध्ये, त्याच बेंचवर. औषध मात्र सहा महिने, एकही दिवस न चुकवता. हे दोन आठवड्यांचं गणित साध्या टीबीचं, म्हणजे ज्याच्यावर नेहमीची औषधं चालतात त्याचं. म्हणून सुरुवातीलाच थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट झाली पाहिजे, त्यात टीबी आहे का हेही कळतं आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा निघाला तर दोन आठवड्यांचा हिशोब विसरा, तिथं वेगळी औषधं आणि थुंकीचे रिपोर्ट बघून डॉक्टर सांगेल तेव्हाच वर्ग. आणि टीबी फुफ्फुसाचा नसून मानेच्या गाठीचा, मणक्याचा, पोटाचा असेल तर तो सहसा दुसऱ्याला लागतच नाही, त्या पोरीला एक दिवससुद्धा वेगळं ठेवायची गरज नाही. होस्टेलमध्ये "टीबी" एवढाच शब्द कानावर पडतो, कुठला ते कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

आता घरी का नाही ते सांगतो. मॅनेजमेंटला वाटतं घरी पाठवलं म्हणजे धोका गेला. गेला कुठं? घरी गेला. गावाकडं दोन खोल्यांचं घर, त्यात आजी, लहान भाऊ, वहिनीचं चार महिन्यांचं लेकरू. टीबीचा जंतू वीस वर्षांच्या धडधाकट पोरींपेक्षा त्या लेकराला कितीतरी जास्त घातक, लहान मुलांत तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे आपण होस्टेलमधल्या रिकाम्या गेस्ट रूममधून पेशंट उचलून बाळंतिणीच्या घरात नेऊन ठेवला आणि वरून पाठ थोपटून घेतली. घरी जाणं तिला स्वतःला हवं असेल, घरी जागा असेल, तर जरूर जाऊ द्या, पण तिकडच्या सरकारी दवाखान्यात तिचं नाव निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबीच्या पोर्टलवर, ट्रान्सफर करून मग. नाहीतर इथलं औषध संपलं, तिथलं सुरू झालं नाही, मधले पंधरा दिवस असेच गेले, हे मी इतक्यांदा पाहिलं की आता मोजायचं सोडून दिलं.

पण माझा खरा मुद्दा दुसराच आहे, तो माझ्याच चुकीतून सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. एका कॉलेजचा मुलगा, थर्ड इयर, थुंकीत टीबी. मी औषध लिहून दिलं आणि कॉलेजला द्यायच्या सर्टिफिकेटवर सरळ आजाराचं पूर्ण नाव लिहिलं, तारखा, सही, शिक्का. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, डॉक्टर आहे, आजार लिहिणारच ना. तो कागद ऑफिसच्या खिडकीतून आत गेला, बाबूनं तो मोठ्यानं वाचून शेजारच्या टेबलला दाखवला, संध्याकाळपर्यंत अख्ख्या होस्टेलला माहीत. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्याच्या ग्लासवर कोणीतरी मार्करनं फुली मारून ठेवली. आठ दिवसांत पोरगा बॅग उचलून गेला, वर्ष वाया. मला वाटलं एक पोरगा गेला, वाईट झालं. पण हिशोब तिथं संपला नव्हता. त्याच होस्टेलचा दुसरा पोरगा, जो ती फुली बघत होता, त्याला त्याच सुमारास खोकला होता. त्यानं काय केलं? मेडिकल स्टोअरमधून खोकल्याचं सिरप, मग अजून एक सिरप, मग बाहेरगावच्या एका डॉक्टरकडून गुपचूप टीबीच्या गोळ्या. त्या तो चिवड्याच्या डब्यात खाली ठेवायचा, रूम पार्टनर बाहेर गेला की घ्यायचा, पार्टनर नाही गेला तर त्या दिवशी गोळी नाही. दीड महिन्यात बरं वाटलं, बंद. माझ्याकडं आला तेव्हा औषधांना दाद न देणारा टीबी होता, आणि पुढच्या वर्षी त्याच्या रूम पार्टनरच्या छातीत टीबीमुळं पाणी भरलं.

म्हणजे त्या होस्टेलमध्ये आजार पसरला तो पहिल्या पोरामुळं नाही, तो तर औषधावर होता अन् निघूनही गेला होता. पसरला तो दुसऱ्यानं लपवला म्हणून, आणि त्यानं लपवला तो माझ्या एका कागदामुळं. हे मला मान्य करायला बराच वेळ लागला. तेव्हापासून कॉलेजच्या सर्टिफिकेटवर मी आजाराचं नाव लिहित नाही. "माझ्या उपचाराखाली आहे, अमुक तारखेपर्यंत विश्रांती आवश्यक, अमुक तारखेपासून वर्गात आणि होस्टेलमध्ये राहण्यास हरकत नाही, इतरांना धोका नाही." एवढंच. कॉलेजला निर्णय घ्यायला एवढं पुरतं. नाव पाहिजेच असेल तर प्राचार्यांनी मला फोन करावा, पोरीच्या परवानगीनं मी बोलतो, कागदावर नाही.

आणि मॅनेजमेंटला सांगा की "पूर्ण बरी झाल्याचं सर्टिफिकेट आणा मग घेऊ" ही अट चुकीची आहे. पूर्ण बरी झाली हे कोर्स संपल्यावरच लिहिता येतं, म्हणजे सहा महिने. वर्गात बसायला बरं होणं लागत नाही, न पसरवणं लागतं. या दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत अन् दोन्हींच्या तारखांमध्ये साडेपाच महिन्यांचा फरक आहे, पोरीचं अख्खं वर्ष त्या फरकात जातं.

तर माहिती किती जणांना? माझ्या मते तिघांना. रेक्टर, प्राचार्य किंवा त्यांनी नेमलेला एक शिक्षक, आणि डॉक्टर. रूममेट दोघींना तपासायचं आहे म्हणून त्यांना सांगावं लागेल, पण ते त्या मुलीला विचारून, शक्यतो तिनंच सांगितलेलं बरं, तुम्ही शेजारी बसा. फाइल तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्याकडं. अटेंडन्सवाल्या बाबूला फक्त "मेडिकल लीव्ह मंजूर" एवढं कळलं पाहिजे. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर नाही, स्टाफच्या ग्रुपवरही नाही, तिथून स्क्रीनशॉट किती वेळात पोरांपर्यंत पोचते ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

रूममेटची तपासणी म्हणजे काय तर खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम हे विचारायचं, छातीचा एक्स-रे काढायचा, काही संशय वाटला तर थुंकी. आजार नाही असं पक्कं झाल्यावर टीबी होऊ नये म्हणूनही औषध असतं, जवळच्या संपर्कातल्यांना ते द्यायचं का हे डॉक्टर ठरवेल. आठवड्यातून एकदा असे १२ डोस, किंवा रोज एक गोळी सहा महिने, अशा पद्धती आहेत. अख्ख्या होस्टेलचे एक्स-रे काढत बसू नका, त्यानं फक्त घबराट होते. जंतू शरीरात शिरला म्हणजे आजार झालाच असं नसतं, ज्यांच्यात शिरतो त्यांच्यापैकी ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो, बाकीच्यांच्यात तो झोपून राहतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आत तो आत्ता झोपलेला असेल, हे त्या फोन करणाऱ्या आईला सांगू नका, विनाकारण झोप उडेल.

खोलीचं बघा. टीबी हवेतून जातो, ताटातून, चादरीतून, बाथरूममधून जात नाही. म्हणून वेगळं ताट हा मूर्खपणा आहे आणि उघडी खिडकी हे औषध आहे. नागपूरच्या होस्टेलमध्ये एक गंमत आहे, उन्हाळ्यात ४५ डिग्रीत आपण जो डेझर्ट कूलर लावतो तो बाहेरची हवा आत ढकलतो आणि समोरची खिडकी उघडी असली तरच गार करतो, म्हणजे मे महिन्यात आपल्या रूम आपोआप हवेशीर असतात. एसी उलटा, तीच ती हवा फिरवत राहतो. खरी पंचाईत डिसेंबर-जानेवारीत, पोरं खिडकीच्या फटीत पेपर कोंबतात, दाराखाली टॉवेल लावतात, तिघंजण रात्रभर तीच हवा ओढतात. थंडीत राउंडला गेलात तर रजिस्टरपेक्षा खिडक्या बघा. वेगळी खोली देताना कोपऱ्यातली, दोन बाजूंनी खिडक्या असलेली द्या, स्टोअर रूम रिकामी करून देऊ नका, मी ती पण पाहिली आहे, जुन्या गाद्या अन् तुटके पंखे यांच्या मधे खाट टाकलेली.

पहिल्या दिवसांत मास्क पेशंटनं लावायचा, साधा सर्जिकल पुरतो. थुंकीचा नमुना द्यायला तिला बंद बाथरूममध्ये पाठवू नका, सकाळी गच्चीवर किंवा मागच्या अंगणात, मोकळ्या हवेत, आजूबाजूला कोणी नको. आणि पहिल्याच दिवशी तिला एक गोष्ट नक्की सांगून ठेवा, रिफॅम्पिसिननं लघवी केशरी-लाल होते. हे न सांगितल्यामुळं मला रात्री अकराला फोन आलेले आहेत, पोरगी रडून राहिली, "सर रक्त चाललं", अन् आई-बाबा दोनशे किलोमीटर दूर. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. पण उलट्या थांबेनात, भूक मेली, डोळे पिवळे दिसले तर तेव्हा मात्र वाट बघत थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर, कारण या गोळ्या लिव्हरला त्रास देऊ शकतात.

गोळ्या रोजच्या, वजनाप्रमाणे, दोन महिने चार औषधं मग चार महिने तीन, सरकारी दवाखान्यात फुकट. प्रायव्हेट डॉक्टरकडं दाखवलं तरी नोंद करावीच लागते, २०१२ पासून टीबी नोंदणीचा आजार आहे, त्यामुळं "नोंद नको, नाव खराब होईल" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. ती नोंद सरकारी कार्यक्रमाच्या पोर्टलवर असते, कॉलेजच्या बोर्डावर नाही. आणि नोंद झाली तरच पोषणाचे पैसे मिळतात, २०१८ ला महिना ५०० सुरू झाले होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००, थेट बँक खात्यात. होस्टेलच्या पोरींचं खातं बहुतेक गावच्या शाखेत, कधी बंद पडलेलं, कधी आधार न जोडलेलं, त्यामुळं पैसा अडकतो. तुम्ही एवढं एक काम करून दिलं ना मॅडम, की पासबुक घेऊन तिच्यासोबत बँकेत कोणीतरी गेलं, तरी मोठी मदत झाली. मेसवाल्याला सांगून रोज दोन अंडी, नाही खात तर भिजवलेले चणे, शेंगदाणे, दूध. मेसवाल्याला कारण सांगायची गरज नाही, "डॉक्टरनं प्रोटीन सांगितलं" एवढं म्हटलं की जिम करणाऱ्या पोरांमुळं त्याला ते सवयीचं आहे.

आता हजेरी, कारण पोरं औषध सोडतात ती आजारापेक्षा हजेरीच्या भीतीनं. ७५ टक्के हजेरी नाही तर फॉर्म नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असते. मेडिकल ग्राउंडवर सूट मिळायची सोय बहुतेक ठिकाणी असते, पण अर्ज आजारपणातच, वेळेत गेला पाहिजे, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नाही. तुम्ही पहिल्याच आठवड्यात तिच्याकडून अर्ज लिहून घ्या, इनवर्डचा शिक्का मारून झेरॉक्स तिच्या हातात द्या. प्रॅक्टिकलची जर्नल मागे पडतात, त्यासाठी एचओडींशी बोलून दोन शनिवार मागून घ्या, बहुतेक एचओडी देतात, फक्त मागायला कोणी जात नाही. पोरीला स्वतःला टेबलासमोर उभं राहून कारण सांगावं लागू नये, एवढं बघा.

दुसरी मुलगी, हिपॅटायटिस बी वाली. तिथं उत्तर अजून सोपं आहे अन् लोक अजून जास्त घाबरतात, कारण "कावीळ" म्हटलं की पाणी, जेवण, उसाचा रस आठवतो. ती हिपॅटायटिस ए आणि ई. बी जातो रक्तातून, लैंगिक संबंधातून, आईकडून बाळाला. सोबत जेवल्यानं नाही, एकाच ग्लासात प्यायल्यानं नाही, मिठी मारल्यानं नाही, एकाच संडासनं नाही. वेगळी रूम नको, वेगळं ताट नको. पाळायचं एवढंच की रेझर, टूथब्रश, नेलकटर, कानातले कोणाशी शेअर करायचे नाहीत, जे तसंही कोणी करू नये. हा व्हायरस सांडलेल्या रक्तात बाहेर सात दिवस तग धरू शकतो, म्हणून कुठं रक्त सांडलं तर हातमोजे घालून ब्लीचनं पुसायचं, हाही नियम सगळ्यांच्याच रक्ताला लावा, एकीच्या नाही. आणि बाकी मुलींना लस, तीन डोस, आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. लस सगळ्या होस्टेलला "आरोग्य शिबिर" म्हणून द्या, म्हणजे बोट कोणाकडं जात नाही.

त्या मुलीला मात्र "काही होत नाही" म्हणून सोडून देऊ नका. पॉझिटिव्ह म्हणजे औषध लागतंच असं नाही, पण लिव्हरची तपासणी आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते, बघून पोटाच्या डॉक्टरनं ठरवायचं असतं, अन् सहा महिन्यांनी परत दाखवायचं असतं. सरकारचा हिपॅटायटिसचा कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट, आपल्याकडं मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, चौकशी करा. आई आणि भावंडांचीही टेस्ट करायला सांगा, कारण बऱ्याचदा हा जन्मापासूनचा असतो आणि घरात अजून कोणाला असू शकतो.

नर्सिंग, डेंटल, एमबीबीएसच्या मुलांचं थोडं वेगळं. सुई टोचली तर बी लागायचा धोका लस न घेतलेल्याला ३० टक्क्यांपर्यंत, हिपॅटायटिस सीचा त्याहून बराच कमी, एचआयव्हीचा ०.३. म्हणून त्यांना लस पहिल्या वर्षीच, तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लस लागू पडली का हे बघणारी रक्ताची तपासणी, तो १० च्या वर आला पाहिजे. पण बी पॉझिटिव्ह विद्यार्थ्याला डॉक्टर होण्यापासून रोखू नये, काही ठराविक सर्जरीच्या कामांत व्हायरल लोड बघून सांभाळायचं असतं, तेवढंच. आणि याच मुलांना वॉर्डात टीबी लागतो, इंटर्न अन् रेसिडेंट सगळ्यात जास्त लपवतात, पोस्टिंग जाईल म्हणून. हे चित्र तर मी आमच्याच लोकांत पाहतो, दुसऱ्याला दोन आठवड्यांचा खोकला म्हटलं की थुंकी तपासायला लावणारा माणूस स्वतःचा दोन महिन्यांचा खोकला "ॲलर्जी आहे बे" म्हणून उडवून लावतो.

एचआयव्हीबद्दल तुम्ही विचारलं नाही पण कॉलेजांना सगळ्यात जास्त गोंधळ तिथं असतो म्हणून लिहितो. विचारायचंच नाही. २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, त्यात शिक्षणात प्रवेश नाकारणं, काढून टाकणं, वेगळं बसवणं, प्रवेशासाठी टेस्टची अट घालणं, सगळ्याला मनाई आहे. १०० किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तुमच्या कॉलेजात आहे का बघा, बहुतेक ठिकाणी विचारलं की लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. जन्मतः एचआयव्ही असलेली लेकरं आता मोठी होऊन कॉलेजात आली आहेत, २००४ पासून औषध फुकट मिळायला लागलं म्हणून ती जगली, वाढली, बारावी झाली. रोज एक गोळी घेतात, क्रिकेट खेळतात, तुमच्या होस्टेलमध्येही असतील आणि तुम्हाला माहीत नाही, आणि माहीत नसल्यामुळं काही बिघडलेलं पण नाही. त्यांना पाहिजे ते एवढंच की महिन्या-दोन महिन्यांतून अर्धा दिवस मेडिकलला औषध आणायला जायचं तर आउटपासवर कारण लिहावं लागू नये. "वैयक्तिक काम" असा रकाना ठेवा.

आणि एक जागा सांगतो जिथून नावं फुटतात पण कोणाच्या लक्षात येत नाही. एनएसएसचं रक्तदान शिबिर. दिलेल्या प्रत्येक बाटलीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस, मलेरिया अशी तपासणी होते. मग उत्साही प्रोग्रॅम ऑफिसर ब्लड बँकेला फोन करतो, "आमच्या पोरांचे रिपोर्ट पाठवा न भाऊ". मागू नका. पॉझिटिव्ह आलं तर ब्लड बँक त्या दात्याला स्वतः बोलावते, समुपदेशन करते, परत पक्की टेस्ट करायला पाठवते, कारण पहिली टेस्ट कधीकधी उगाच पॉझिटिव्ह येते. त्यासाठी फॉर्मवर पोराचा स्वतःचा मोबाइल नंबर पाहिजे, कॉलेजच्या ऑफिसचा नाही. पुढच्या शिबिरात फॉर्म चाळून बघा, अर्ध्यांवर ऑफिसचा नंबर असतो.

कुष्ठरोग पण होस्टेलमध्ये दिसतो, गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडून येणाऱ्या पोरांत. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर सुई टोचली तर कळत नाही. औषध सहा किंवा बारा महिने, फुकट, आणि पहिल्या डोसनंतरच तो जवळपास पसरत नाही, म्हणजे एक दिवससुद्धा वेगळं ठेवायची गरज नाही. आनंदवन आपल्या वरोऱ्याला असूनसुद्धा नागपूरचा सुशिक्षित माणूस या शब्दाला जेवढा दचकतो तेवढा टीबीला दचकत नाही, हे माझं निरीक्षण आहे. त्या मुलांची खरी अडचण वेगळीच असते, त्या औषधांतल्या एका गोळीनं कातडी काळवंडते, मुलगी आरशासमोर उभी राहून गोळी घ्यावी की नाही विचार करत असते. औषध संपलं की रंग हळूहळू परत येतो, हे कोणीतरी तिला शांतपणे सांगायला पाहिजे.

जाता जाता, तुमच्या ॲडमिशन फॉर्मवर "संसर्गजन्य आजार" असा एक रकाना असेल आणि त्यातच सिकलसेल पण लिहिलेला असेल तर तो आजच काढा. मी असा फॉर्म पाहिला आहे. सिकलसेल हा रक्ताचा आजार आई-वडिलांकडून येतो, कोणाला लागत नाही, आणि आपल्या विदर्भात एवढी पोरं त्याची आहेत की निदान इथल्या कॉलेजनं तरी हे चुकवू नये. त्या पोरांना उलट ग्राउंडवर पाणी पाजायची, थंडीत जपायची आणि दुखणं उठलं की परीक्षेतून सुटी द्यायची गरज असते.

आता तुमचा आत्ताचा प्रसंग, ती फोन करणारी आई. तिला टाळू नका, रागावू पण नका, तिची भीती खोटी नाही. पण पोरीचं नाव घेऊन चर्चा करायची नाही. सांगा की तुमच्या मुलीची छातीची तपासणी उद्याच करून देतो, खर्च कॉलेजचा, रिपोर्ट तुम्हालाच देतो, डॉक्टरांशी बोलायचं असेल तर बोला. बहुतेक आया इथं शांत होतात, कारण त्यांना खरं तर "माझ्या पोरीचं काय" एवढंच पाहिजे असतं. तरीही तिला मुलगी न्यायचीच असेल तर रूम बदलून द्या, पण रूम फोन करणाऱ्याच्या मुलीची बदला, आजारी मुलीची नाही. पहिले दोन आठवडे संपल्यावर ती आपल्या जुन्या खाटेवर परत आली पाहिजे, तिची गादी, तिची पेटी, भिंतीवर चिकटवलेलं तिचं टाइमटेबल तिथंच राहू द्या.

निक्षयची हेल्पलाइन १८००-११-६६६६, एचआयव्हीसाठी १०९७. मॅनेजमेंट ऐकत नसेल तर मीटिंगच्या दिवशी मला बोलवा, संध्याकाळी ओपीडी सात वाजता संपते, त्यानंतर येतो. आणि त्या पोरीला सांगा की गोळ्या चिवड्याच्या डब्यात ठेवायची गरज नाही, टेबलावर ठेव.